शब्दांचे भाग्य आणि माणसांची पायरी

पत्त्यांच्या जोडात राजा असतो, राणी असते आणि त्यांच्या पाठोपाठ एक तरुण पुरुष उभा असतो. आपल्याकडे झब्बू खेळणारे लहान मूलही त्यास गुलाम म्हणून ओळखते. इंग्रजीत याच पत्त्यास दोन नावे आहेत : एक ‘जॅक’ हे, आज सर्वत्र चालणारे, आणि दुसरे ‘नेव्ह’ हे, जुन्या घरंदाज मंडळींच्या तोंडचे. डिकन्सच्या 1861 साली पुऱ्या झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत लोहाराच्या घरी वाढलेला पिप एका धनाढ्य बाईच्या वाड्यात पत्ते खेळावयास बसतो आणि ‘जॅक’ म्हणून जातो. तेवढ्या एका शब्दावरून समोरची मुलगी त्याची पायरी ओळखते व त्याचा उपहास करते. मौज ही की, ज्या ‘नेव्ह’ शब्दाचा तिला अभिमान, त्याचा अर्थ कोशात पाहिल्यास ‘लबाड, लुच्चा’ असा सापडतो. त्या पत्त्यातल्या बिचाऱ्या चाकराने अशी लबाडी तरी कोणती केली असावी?

त्याने काही केले नव्हते. जुन्या इंग्रजीत ‘क्नाव्हा’ म्हणजे केवळ मुलगा. जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद ‘क्नाबे’ हा शब्द आजही मुलगा याच अर्थी नांदत आहे. घरात कामास ठेवलेल्या पोरास हाक मारता मारता इंग्रजीत ‘मुलगा’ याचा अर्थ ‘चाकर’ झाला. आणि चाकर म्हटला की तो चोरटा व अप्रामाणिक असावयाचाच, या धन्याच्या समजुतीने ‘चाकर’ याचा अर्थ ‘लुच्चा’ झाला. आपला ‘गुलाम’ हा शब्दही मूळ अरबीत मुलगा या अर्थाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन दूरच्या देशांतील धनी लोकांची रीत किती सारखी होती, हे दिसून येते.

आता याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहावा. सरदार, वीर, शिलेदार या अर्थी इंग्रजीत जो ‘नाइट’ शब्द आहे, ज्याच्या आरंभीचा ‘के’ लिहितात पण उच्चारीत नाहीत, तो जुन्या इंग्रजीत ‘क्निख्ट’ असा होता. त्याचाही अर्थ मुलगा, पोरगा, हाताखालचा चाकर असाच. जर्मनीत ‘क्नेख्त’ म्हणजे अद्यापि शेतावरचा गडी. म्हणजे इंग्लंडात ‘मुलगा’ या अर्थाचे दोन शब्द एकाच अंगणात खेळत होते. एकास पुढे सोन्याच्या टाचा मिळाल्या, नावापूर्वी ‘सर’ लावण्याचा मान मिळाला. दुसऱ्याच्या कपाळी लबाडीचा डाग आला. दोघांच्या जन्मात काहीच भेद नव्हता. भेद पडला तो धन्यामुळे. एकाने राजाची चाकरी घोड्यावर बसून केली. दुसऱ्याने सामान्य गृहस्थाची चाकरी पायी केली.

इंग्रजी शब्दांच्या इतिहासाचा आमचा जो अल्पस्वल्प अभ्यास आहे, त्यावरून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे, आणि तीच या लेखात वाचकांपुढे मांडावयाची आहे. ती अशी की, त्या भाषेत उच्च कुळाची व पदाची दर्शक नावे कालांतराने सद्गुणांची नावे झाली, आणि कष्ट करणाऱ्या लोकांची नावे दुर्गुणांची नावे झाली. हे शब्दांच्या धातूंमुळे झाले नाही. लेखणी कोणाच्या हाती होती, यामुळे झाले.

असे विधान करावयाचे तर त्यास आधार हवा. आणि सुदैवाने या बाबतीत इंग्रजी भाषेइतके सविस्तर दप्तर फार थोड्या भाषांचे आहे. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच या विद्वान धर्मोपदेशकाने उपलब्ध कोशांतील उणिवा दाखविणारी व्याख्याने दिली. (त्याच वर्षी मुंबईस मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हा एक मनोरंजक योगायोग.) त्या व्याख्यानांतून जी खटपट सुरू झाली, तिचे फळ म्हणजे ऑक्सफर्डचा बृहत्कोश. 1879 मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाचे काम अंगावर घेतले. 1884 मध्ये पहिला भाग निघाला. 1915 मध्ये मरे निवर्तले. आणि कोश पुरा झाला तो 1928 मध्ये. त्यात 4,14,825 शब्द आणि 18 लाखांहून अधिक अवतरणे आहेत. शेकडो हौशी वाचकांनी जुनी पुस्तके चाळून चिठ्ठ्या लिहून धाडाव्या, मरे यांनी त्या आपल्या बागेतील लोखंडी पत्र्याच्या खोलीत लावून घ्याव्या, आणि प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या साली प्रथम आढळतो हे दाखल्यानिशी नोंदवावे, अशी ती पद्धत. आमच्या मते शब्दाचा अर्थ ठरविण्याची हीच न्याय्य रीत होय. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की, शब्दाचे मूळ शोधले म्हणजे त्याचा ‘खरा’ अर्थ सापडला. पण मूळ म्हणजे जन्मस्थान. आणि माणसाची ओळख केवळ जन्मस्थानावरून पटत नाही, तशीच शब्दाचीही पटत नाही. तो कोठे कोठे राहिला, कोणाच्या घरी कसा वागविला गेला, हे पाहावे लागते.

या दृष्टीने ‘व्हिलन’ या शब्दाची हकीकत पाहण्याजोगी आहे. नाटकसिनेमांमुळे हा शब्द आपल्या घराघरांत पोचला असून, खलनायक याखेरीज त्याचा दुसरा अर्थ कोणाच्या स्वप्नीही येत नाही. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी. त्या वाडीवर राबणारा तो ‘व्हिलानुस’. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, 1086 मध्ये, आपल्या नव्या राज्याची गावोगाव पाहणी करविली. तिची नोंद ज्या ग्रंथात आहे, त्या ‘डूम्सडे बुक’ मध्ये ग्रामवासी कुटुंबांचा सर्वांत मोठा वर्ग या व्हिलानुसांचाच आहे. गुलामांचा वर्ग निराळा नोंदला आहे. अर्थात हे लोक बैल, नांगर आणि थोडी जमीन बाळगून असलेले कुणबी होते. एवढेच की, जमीनदाराच्या शेतावर त्यांस ठराविक दिवस वेठ करावी लागे.

पुढील दोन शतकांत कायद्याने त्यांस अधिकाधिक जखडले. धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. मुलीचे लग्न करावयाचे तर धन्यास पट्टी द्यावयाची. राजाच्या न्यायसभेत धन्याविरुद्ध जमिनीचा दावा चालावयाचा नाही. माणूस जसा खाली गेला, तसे त्याचे नावही खाली गेले. 1300 च्या सुमारास ‘व्हिलन’ म्हणजे हलक्या मनाचा, नीच वृत्तीचा मनुष्य, असा अर्थ लेखी आढळू लागतो. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकाच्या आरंभी थोरला भाऊ धाकट्यास ‘व्हिलन’ म्हणतो. तो ‘दुष्ट’ या अर्थी. धाकटा उत्तर देतो ते आपल्या बापाच्या नावाचा दाखला देऊन. कारण त्याने तो शब्द ‘हीनकुलीन’ या अर्थी घेतला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही अर्थ कसे शेजारी शेजारी नांदत होते, हे या एका प्रसंगावरून कळते. आज इतिहासकारांनी कुणब्यासाठी एक वर्णलेखन व दुष्टासाठी दुसरे असा भेद पाडला आहे. परंतु त्या दोहोंची नाळ एकच.

या अर्थांतराच्या मध्यावर एक मोठी घटना घडली, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1348-49 च्या महामारीने इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या नाहीशी केली. मजुरांची टंचाई झाली. मजुरी वाढू नये म्हणून कायदे झाले. त्यावर डोईपट्टी बसली. अखेर 1381 च्या जून महिन्यात केंट व एसेक्स परगण्यांतील हजारो कुणबी उठले आणि लंडनवर चालून गेले. वॉट टायलर हा त्यांचा पुढारी. जॉन बॉल नामक एक पाद्री त्यांचा उपदेशक. आरंभी सर्व माणसे सारखीच निर्माण झाली, दास्य हे मागाहून दुष्टांनी लादले, हा त्याच्या उपदेशाचा रोख होता. चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने 14 जूनला माइल एंड येथे त्यांच्या मुक्ततेच्या सनदा देऊ केल्या. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्ड येथे टायलर मारला गेला. आणि लवकरच त्या सनदा रद्द झाल्या.

या बंडात कुणब्यांनी एक गोष्ट ठिकठिकाणी केली, ती मनन करण्याजोगी आहे. जमीनदारांच्या वाड्यांत शिरून त्यांनी आपल्या वेठीची नोंद असलेली दप्तरे बाहेर काढली व जाळली. त्या निरक्षर लोकांस पक्के ठाऊक होते की, आपले दास्य जितके तलवारीत आहे तितकेच ते कागदात आहे. पण दप्तर जाळता आले तरी भाषा जाळता आली नाही. त्यांच्या बंडाच्या ज्या हकीकती आपणांस उपलब्ध आहेत, त्या मठांतील साधूंनी व दरबारी लेखकांनी लिहिलेल्या. त्यांत हे लोक पशुवत् व उन्मत्त म्हणूनच वर्णिले आहेत. इंग्लंडातील वेठ पुढे हळूहळू नष्ट झाली, 1600 च्या सुमारास तिचा मागमूसही उरला नाही. कुणबी मोकळा झाला. त्याचे नाव मात्र शिवी होऊन मागे उरले.

व्हिलन हा एकटाच असा दुर्दैवी नव्हे. ‘चर्ल’ म्हणजे आज उद्धट, अडमुठा मनुष्य. नॉर्मन येण्यापूर्वी ‘चेऑर्ल’ हा स्वतंत्र नागरिक होता. केंटच्या एथेलबर्ट राजाच्या, इसवी सन 600 च्या सुमाराच्या कायद्यात त्याच्या पदरी पोसलेल्या आश्रिताचाही उल्लेख आहे. त्या आश्रितास ‘भाकरी खाणारा’ असे नाव आहे. वेसेक्सच्या राज्यात चेऑर्लचा वध झाल्यास मारणाराने त्याच्या नातलगांस 200 शिलिंग भरावे, सरदाराचा झाल्यास 1200, असा हिशेब होता. प्राणाची किंमत सहापट कमी, पण किंमत होती. याच शब्दाच्या घराण्यातील ‘कार्ल’ हे नाव युरोपखंडात एका सम्राटास मिळाले. तो शार्लमेन, इसवी सन 800 मध्ये ज्याचा रोम येथे राज्याभिषेक झाला. त्याच्या नावावरून पोलिश व रशियन भाषांत ‘राजा’ या अर्थाचा शब्दच तयार झाला. एक भाऊ राजा झाला, आणि दुसरा अडमुठा.

‘ल्यूड’ म्हणजे आज विषयलंपट, बीभत्स. मूळ अर्थ एवढाच की, जो धर्मोपदेशक नाही तो. उपदेशक नाही म्हणून लॅटिन येत नाही. लॅटिन येत नाही म्हणून अडाणी. अडाणी म्हणून हलका. हलका म्हणून लंपट. या चार पायऱ्या उतरावयास काही शतके लागली, पण तो शब्द एकदाही वर चढला नाही. ‘मीन’ म्हणजे क्षुद्र, कद्रू. मूळ अर्थ ‘सर्वांचा, सामाईक’. ‘व्हल्गर’ म्हणजे असभ्य; मूळ अर्थ ‘सर्वसामान्य लोकांचा’. या शेवटच्या शब्दाचा निर्दोष अर्थ एका कोपऱ्यात टिकून आहे. इंग्रजी शाळेत जे ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणून शिकविले जात, त्यांस आपल्या अंकगणितात ‘व्यवहारी अपूर्णांक’ असे सुरेख नाव आहे. ज्याने हा प्रतिशब्द योजिला, त्याने ‘व्हल्गर’ याचे हृद्गत ओळखले असे म्हणावे लागेल.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘जेंटल’ म्हणजे सौम्य, दयाळू. मूळ अर्थ चांगल्या कुळातला. ‘जेनेरस’ म्हणजे उदार. मूळ अर्थ तोच. ‘लिबरल’ म्हणजे जे स्वतंत्र माणसास शोभते ते. ‘फ्रँक’ म्हणजे मोकळ्या मनाचा; मूळ अर्थ फ्रँक लोकांपैकी एक, कारण त्यांनी गॉल देश जिंकल्यावर पूर्ण स्वातंत्र्य काय ते त्यांनाच उरले. सौजन्य, औदार्य, मोकळेपणा, हे गुण जणू सरदारवाड्यातच पिकत होते! ‘लॉर्ड’ हा शब्द पाहा. तो ‘ह्लाफवेअर्ड’ म्हणजे ‘भाकरीचा राखणदार’ यावरून आला. आणि ‘लेडी’ म्हणजे, बहुतेक पंडितांच्या मते, ‘भाकरीचे पीठ मळणारी’. आपल्याकडील ‘अन्नदाता’ आणि ‘खाल्ल्या मिठास जागणे’ यांतील भाव तोच आहे. पण धान्य पिकविणाऱ्यास भाकरीवरून कोणी पदवी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. पदवी मिळाली ती राखणाऱ्यास.

यावर कोणी आक्षेप घेईल की, चाकरांची नावे वर चढल्याचीही उदाहरणे आहेत. आहेत खरी. ‘मार्शल’ हा मुळात घोड्यांचा मोतद्दार, आणि आज सेनापती. ‘मिनिस्टर’ हा मुळात सेवक, आणि आज मंत्री. परंतु ही सर्व राजाच्या घरची चाकरी. आमच्या सिद्धान्तास त्यांनी बाध येत नाही, उलट बळकटीच येते. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. काही शब्दांचे भाग्य कुळाशी काडीइतकाही संबंध नसता पालटते. ‘सिली’ म्हणजे आज मूर्ख. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, ईश्वराची कृपा असलेला. कृपापात्र तो निष्पाप, निष्पाप तो भोळा, भोळा तो बावळट, अशी त्याची घसरण. आपल्याकडे अशोकाने अभिमानाने मिरविलेली ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढील वैयाकरणांनी ‘मूर्ख’ या अर्थी नोंदविली, त्याचे स्मरण येथे कोणासही होईल. उलट ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधील ‘अज्ञ’ या अर्थाच्या शब्दापासून निघून, मूर्ख, चोखंदळ, काटेकोर अशी वळणे घेत ‘छान’ येथवर आला. तेव्हा सर्वच अर्थांतरे एका सूत्रात ओवता येत नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. भाषेत दैव आहेच. तथापि कुणबी, चाकर, अशिक्षित आणि सामान्य, या सर्वांचीच नावे एका दिशेने घसरावी, आणि सरदारांची सर्व एका दिशेने चढावी, हे केवळ दैव म्हणून सोडून देता येत नाही.

परक्यांच्या भाषेतील हा दोष दाखविताना आपण न्यायासनावर बसल्याचा आव आणू नये. आपले ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे अश्लील. शहराने गावाविषयी दिलेला हा निकाल आपण सहज उच्चारतो. हालाच्या गाथासप्तशतीत ‘पामर’ म्हणजे साधा शेतकरी आहे. आज पामर म्हणजे दीन, क्षुद्र जीव. इंग्रजीने आपल्या देशातून जे शब्द उचलले, त्यांत तर एक असा आहे की, त्याने दोन्ही समाजांचा दोष एकत्र बांधला आहे. तमिळ देशात ‘परै’ म्हणजे ढोल. त्यावरून ‘परैयर’ हे एका जातीचे नाव. सतराव्या शतकाच्या आरंभी तो शब्द इंग्रजीत ‘परायह’ या रूपाने गेला, आणि एकोणिसाव्या शतकात कोणत्याही बहिष्कृत माणसास लागू झाला. आज वर्तमानपत्रे जगाने वाळीत टाकलेल्या राष्ट्रास हा शब्द निःशंकपणे लावतात. हिणवणूक आपल्या समाजाने केली, तिचे नाव इंग्रजांनी जगभर नेले. आणि ज्या लोकांचे ते नाव, त्यांस कोणीच विचारले नाही. आपल्या मराठी बोलीतही जातींची नावे शिवीसारखी वापरण्याची खोड होती, आणि ती अजून पुरती गेली असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कुणब्याविषयी हळहळणे सोपे आहे. आपल्या घरातील मुलांच्या कानी काय पडते, हे पाहणे तितके सोपे नाही.

ज्या कोशाने ही सर्व साक्ष जपून ठेवली, त्याचे संपादक जेम्स मरे हे एका स्कॉटिश खेड्यातील शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली; पुढचे सारे ज्ञान त्यांनी आपल्या कष्टाने मिळविले. ज्या थरातील माणसांची नावे भाषेने मलिन केली, त्याच थरातून आलेल्या एका माणसाने त्या नावांचा पूर्वीचा निर्मळ अर्थ सालवार लिहून ठेवला. बंडखोरांनी दप्तर जाळून जे साधले नाही, ते काही अंशी या दप्तर लिहिणाऱ्याने साधले.

शेवटी एका शब्दाची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. ‘बूर’ म्हणजे इंग्रजीत रानवट, अशिष्ट मनुष्य. हा शब्द बहुधा डच भाषेतून आला; तेथे ‘बूर’ म्हणजे निव्वळ शेतकरी, आणि 1899 ते 1902 या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेले बोअर लोक ते हेच. परंतु जुन्या इंग्रजीतही याच कुळाचा ‘गेबूर’ शब्द होता. अर्थ तोच, वस्ती करून राहणारा कुणबी. त्याच्या मागे ‘जवळचा’ या अर्थाचा शब्द लावून एक सामासिक शब्द झाला, तो ‘नेबर’, म्हणजे शेजारी. या एका शब्दात मात्र त्या कुणब्याचे नाव डागावाचून टिकले आहे. दुरून पाहणाऱ्यास तो रानवट दिसला. ज्याचे घर त्याच्या घरास लागून होते, त्याने त्यास शेजारी म्हटले.